हवेचा असर

माझ्या हिंदीची गल्लीत जी टिंगल झाली, तिची सुरुवात नळावर झाली. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन इंदूरला, छत्रीबागेतल्या एका गल्लीत आले तेव्हा माझी हिंदी म्हणजे मराठी शब्दांना ‘है’ आणि ‘हूं’ची शेपटी. एक दिवस मी चौकातल्या नळावर धुणं धूत होते आणि तळमजल्यावरच्या भाभी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांनी वरून विचारलं, क्या कर रही हो? मी म्हटलं, “मैं खाली हूं.” त्या म्हणाल्या, मग वर ये की. मला रागच आला. मी ओरडून सांगितलं, “खाली हूं ना, ऊपर कैसे आऊं?” हिंदीत खाली म्हणजे रिकामी, बिनकामाची, हे मला कळलं तेव्हा ते गल्लीभर पसरलेलं होतं. सासूबाईंनी तो किस्सा आल्यागेल्याला किती वेळा ऐकवला याला गणती नाही. मीही हसायची. घरात कुणाला हिंदी कळते आणि कुणाला कळत नाही, याचा निकाल त्या दिवशी लागून गेला होता.

तेव्हा मध्य प्रदेश नवा नवा होता. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागून इंदूरची कपाटं, फायली, टाइपरायटर आणि कारकून अशी सगळी वरात गेली. आमचे हे त्या वरातीत. सासरे संस्थानच्या खजिन्यात होते, ते कधीच वारले होते. घरात सासूबाई आणि मी. हे शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. घरात काही वाद झाला की त्याचा निवाडा शनिवारपर्यंत तुंबून राहायचा.

आमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढची खोली गल्लीवरची, तिला मोठी खिडकी. मागची स्वयंपाकाची. तिला खिडकी नाही, नुसता वरच्या अंगाला एक झरोका. तिथं आमची सिगडी. शेगडीला इंदुरात मराठी माणसंसुद्धा सिगडीच म्हणतात आणि गोवऱ्यांना कंडे. सकाळी कंडे पेटवून त्यावर कोळसे रचायचे आणि ते लाल होईपर्यंत पदरानं डोळे पुसत बसायचं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. धूर म्हणजे घरात चूल पेटली, घर नांदतंय, एवढाच त्याचा अर्थ.

माझी आई माझ्या लहानपणीच गेलेली, त्यामुळं बाळंतपण सासरी झालं. दसऱ्याच्या सुमारास मुलगी झाली. पुढं जे सांगणार आहे त्याच्या आधी हे सांगून टाकते, की सासूबाईंनी माझं जेवढं केलं तेवढं सख्ख्या आईनंही केलं असतं की नाही कोण जाणे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खाटेखाली शेक, सगळं त्यांच्या हातचं. नातीला मांडीवर घेऊन त्या तासन्‌तास बसत. मुलगी झाली म्हणून एकदासुद्धा तोंड वाकडं केलं नाही.

रोजची अंघोळ झाली की पोरीला धुरी द्यायची. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा आणि लसणाच्या साली टाकायच्या आणि दुपट्यात गुंडाळलेलं मूल त्या धुरावर पालथं, उताणं धरायचं. धुरीनं अंगातलं पाणी सुकतं, सर्दी होत नाही, मूल गाढ झोपतं. पोर झोपायचीही. आमच्याकडं सातारलाही धुरी देतात, त्यामुळं मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सव्वा महिना झाला की ती बंद होते, एवढं मला माहीत होतं. पण सव्वा महिना झाला आणि माळव्यातली थंडी पडायला लागली.

थंडी म्हटलं की सासूबाईंचा चेहरा बदलायचा. यांच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. वर्षाचा व्हायच्या आत गेला. कसा, म्हणून विचारलं तर त्या दोनच शब्द बोलायच्या, थंडीनं गेला. एकदा भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या की झरोका उघडा राहिला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी आमच्या सगळ्यांची अंथरुणं मागच्या खोलीत हलवली, झरोक्यात जुनी गोधडी कोंबली, दाराच्या फटीत चिंध्या भरल्या आणि सिगडी रात्रंदिवस आत ठेवली. धुरी आता दोन्ही वेळा सुरू झाली. खोली खरोखर उबदार असायची. बाहेरून येणारी बाई आत आली की म्हणायची, वा, तुमच्याकडं थंडी अजिबात नाही.

मार्गशीर्ष संपता संपता पोर खोकायला लागली. आधी साधा कोरडा खोकला. मग छातीत घरघर. दूध पिताना मध्येच तोंड सोडायची, दोन श्वास घ्यायची, पुन्हा तोंड लावायची आणि रडायची. भूक तर होती, पण पिणं आणि श्वास घेणं दोन्ही तिला एका वेळी जमेना. मी घाबरले. सासूबाई माझ्याहून जास्त घाबरल्या. त्यांनी ओवा वाढवला.

गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. हिंदी बोलणारे गृहस्थ, हुशार, सगळ्या भागाचा विश्वास. फक्त वाक्यं अर्धी तोडून बोलायची सवय. बाकावर माणसं ताटकळलेली असायची, त्यांना तरी पूर्ण वाक्यं कुठून परवडणार? त्यांनी पोरीच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली. मग तिचं दुपटं उचलून त्याचा वास घेतला. मला ते विचित्र वाटलं. त्यांनी सासूबाईंकडं बघून म्हटलं, “हवा का असर है, मांजी. हवा का ख़याल रखो.” कंपाउंडरनं लाल मिक्स्चरची बाटली दिली, तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली, आणि पुढचा पेशंट आत आला.

आम्ही घरी आलो. चौकात भाभी भेटल्या तेव्हा सासूबाईंनी हलक्या आवाजात सांगितलं की डॉक्टर साहेबसुद्धा तेच म्हणाले, हवेचा असर आहे. भाभींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि विचारलं, ऊपर की? सासूबाईंनी मान हलवली.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं ते आता सांगते. आपल्या मराठीत हवा म्हणजे हवा, नाकानं घ्यायची. फार तर पावसापाण्याची. पण त्या मुलखात हवा म्हणजे आणखीही काही असतं. ऊपरी हवा, बाहर की हवा. आपण बाहेरची बाधा म्हणतो ना, ती. विहिरीपाशी लागते, तिठ्यावर लागते, बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला लवकर लागते. आमच्या घरातली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेली, बोलायची मराठीत आणि भ्यायची हिंदीत. डॉक्टरांनी हवा म्हटलं, आणि सासूबाईंच्या कानांनी ती बरोबर त्यांच्या भीतीच्या कप्प्यात नेऊन ठेवली. त्यातून इंग्रजी शिकलेला, नळी लावणारा डॉक्टर हे म्हणतोय, म्हटल्यावर शंकेला जागाच कुठं राहिली?

मला मात्र साधं तेच ऐकू आलं होतं, जे ते म्हणाले होते. दुपट्याचा वास घेतलेला मी पाहिला होता. मी म्हटलं, आई, ते आपल्या खोलीतल्या हवेबद्दल बोलत होते, धुराबद्दल. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, कीव आल्यासारखं.

“तू राहू दे,” त्या म्हणाल्या. “तुला खाली म्हणजे काय ते समजत नाही, आणि तू मला हवा शिकवतेस?”

भाभी हसल्या. मीसुद्धा सवयीनं हसले, आणि हसल्यावर माझं म्हणणं संपलंच.

त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं त्याला आजार रेड्याला आणि औषध पखालीला याशिवाय दुसरं नाव नाही. ओव्याच्या जोडीला लोभान आला. लोभानाच्या जोडीला गुग्गुळ. कडुलिंबाचा वाळलेला पाला आला. कुठून तरी मंतरलेली राळ आली. सकाळ-संध्याकाळ सिगडीवर हे सगळं पडायचं आणि खोलीत असा धूर कोंडायचा की समोरच्या फळीवरचे डबे दिसेनासे व्हायचे. मधे पोर. लाल मिक्स्चरही सासूबाई वेळच्या वेळी द्यायच्या, त्यात त्यांची कसूर नव्हती. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं त्या करत होत्या. त्यांच्या हिशेबी हवेचा खयाल ठेवणं म्हणजे हेच होतं.

पोरीचा खोकला वाढला. मग एक दिवस मला तिच्या पोटाकडं बघताना दिसलं की श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय. नाकपुड्या फुलतायत. भाभींनी बघितलं आणि म्हणाल्या, पसली चल री है, म्हणजे बरगडी उडतेय. त्यांनी गरम सळईनं डाम देणाऱ्या एका बाईची गोष्ट काढली, तर सासूबाई ताडकन उठल्या. माझ्या नातीच्या अंगाला लोखंड लागणार नाही, म्हणाल्या, पुन्हा हा विषय काढू नका. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. आणि त्याच हातांनी त्यांनी लोभानाचा खडा निखाऱ्यावर टाकला. माणसावर एकाच घटकेत इतकी माया आणि इतका संताप येऊ शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. लंगोट वाळत घालायला मी गच्चीवर जायची तेव्हा कधीकधी पोरीला खांद्यावर टाकून न्यायची. उन्हात, जिन्याच्या आडोशाला बसलं की हळूहळू तिची घरघर मंदावायची. दूध प्यायची, मध्ये न थांबता. खाली खोलीत आणलं की थोड्या वेळात पुन्हा ते सुरू. पहिल्यांदा मला वाटलं भास आहे. मग मी लंगोट वाळत घालायला उगाच जास्त वेळा जायला लागले. वाळलेलेच पुन्हा भिजवायची. एकदा सासूबाईंनी पोरीचा कान हाताला गार लागला म्हणून विचारलं, कुठं होती ही? त्यानंतर पोरीला गच्चीवर न्यायची बंदी झाली. गच्चीवर तर हवा जास्तच लागते, म्हणाल्या. कोणती हवा, हे विचारायची सोय नव्हती.

शनिवारी हे आले. मी जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं, दुपट्याच्या वासापासून गच्चीपर्यंत. म्हटलं, तुम्ही एकदा डॉक्टरांकडं जाऊन विचारा, हवा म्हणजे कोणती. एवढंच विचारा. त्यांनी पोरीला बघितलं, त्यांचाही चेहरा उतरला. पण ते आईसमोर बसले, आईचं ऐकलं, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “आईला हिंदी आपल्या दोघांपेक्षा ज्यादा समजते. एक मूल तिनं गमावलंय. तिला नको दुखवू.” रविवारी दवाखाना बंद. सोमवारी पहाटे हे भोपाळला गेले. मी मूग गिळून बसले, पण आतून उकळत होते. त्याहून वाईट म्हणजे मला स्वतःच्या कानांची खात्री वाटेना. सगळं घर एक म्हणतंय, गल्ली म्हणतेय, नवरा म्हणतोय, आणि मी कोण, तर खाली हूं म्हणणारी. नळी लावलेल्या डॉक्टरांचा आवाज मी मनात पुन्हा पुन्हा ऐकायची आणि दर वेळी तो थोडा पुसट व्हायचा.

त्याच आठवड्यात संक्रांत आली. पोरीची पहिली संक्रांत, म्हणजे बोरनहाण. मी म्हटलं, तिला बरं नाही, पुढच्या वर्षी करू. सासूबाई म्हणाल्या, पहिली संक्रांत टाळायची नसते, बच्चीला बाधू नये म्हणूनच तर करतात. सवाष्णींना बोलावणं गेलं. पोरीला काळं झबलं घातलं, हलव्याचे दागिने घातले, गळ्यात हार, डोक्यावर मुकुट. एवढंसं तोंड आणि त्यावर पांढरा काटेरी हलवा. मी पाटावर तिला मांडीत घेऊन बसले. खाली गल्लीत पोरांचा गिल्ली-दंडा चालला होता, त्यांचा गलका वर येत होता. सकाळपासून तीळ भाजून घरात आधीच धूर होता. बायका मावाव्यात म्हणून पाट पुढच्या खोलीत मांडला होता, पण पोरीला हवा लागेल म्हणून तिथली खिडकीही सासूबाईंनी लावून घेतली होती.

बोरं आणि चुरमुरे डोक्यावरून ओतायच्या आधी दृष्ट काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी सिगडी उचलून पुढच्या खोलीत पाटासमोर आणून ठेवली. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन पोरीवरून उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्या तडतडल्या. दृष्टीचा नियम सगळ्यांना माहीत असतो. मिरचीचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, आणि ज्याला ठसका लागत नाही त्याला कडक दृष्ट लागलेली. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम खोकायला लागल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी काढत खोकत होत्या. मीही खोकत होते.

पोर खोकत नव्हती.

कुणीतरी म्हणालं, बघा, बघा, तिला ठसका नाही. हिलाच लागली होती. दुसरी म्हणाली, अजून टाका, पूर्ण निघू दे. सासूबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुटकेसारखं काही दिसलं. त्यांनी पुन्हा मूठ भरली.

मी मांडीवर बघितलं. पोरीचं तोंड उघडं होतं. आवाज नव्हता. खोकायलासुद्धा आत श्वास लागतो, तो तिच्यापाशी नव्हता. बरगड्यांखालचा खळगा इतका खोल गेला होता की काळं झबलं आत ओढलं जात होतं. हलव्याच्या त्या पांढऱ्या हाराशेजारी तिचे ओठ मला जांभळे दिसले.

मी उठले. हार ओढून तोडला, हलवा फरशीवर सांडला. मुकुट काढून फेकला. सासूबाई दारात आडव्या आल्या, मिरच्यांची मूठ तशीच. त्या म्हणाल्या, “अगं, पाटावरून उठू नको, बाहेर थंडी आहे. तिला हवा लागेल.”

“हवाच हवी आहे तिला, आई,” मी म्हटलं, आणि त्यांना ढकलून जिना चढले. सासूला ढकललं, एवढ्या बायकांसमोर. एक घाव दोन तुकडे करायचा माझा स्वभाव आहे म्हणतात, पण तोवर तो मलाच माहीत नव्हता.

गच्चीवर ऊन होतं आणि बोचरं वारं होतं. मी तिला छातीशी उभं धरलं, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. काही होईना. नुसतं तिचं डोकं माझ्या गालाशी लटपटत होतं. देवाचं नावसुद्धा आठवेना. मग तिच्या घशातून एक बारीक शीळ आली, आत जाणाऱ्या वाऱ्याची. पुन्हा एक. मग खोकला. मग रडणं, चिरकं आणि संतापलेलं. आयुष्यात मी इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही.

मागं पाऊल वाजलं. सासूबाई गोधडी घेऊन वर आल्या होत्या. मी तिला आणखी घट्ट धरलं. मला वाटलं, आता ओढून खाली नेतील. पण त्यांनी गोधडी आम्हा दोघींभोवती लपेटली, पोरीचं तोंड तेवढं उघडं ठेवलं, आणि ती रडताना तिच्या ओठांकडं बघत उभ्या राहिल्या. ओठांचा रंग परत येत होता. तो त्यांनाही दिसला.

भाभींनी गल्लीत कुणाला तरी हाक मारली, भिया, दौड़ के तांगा लाओ. आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बाकावरच्या सगळ्यांना थांबवून तिला आत घेतलं, इंजेक्शन दिलं. माझ्या लुगड्याला मिरचीचा वास येत होता, त्यांना तो आला असणारच. मी माझ्या त्या शेपटीवाल्या हिंदीत विचारलं, हवा म्हणजे कौन सी हवा? ते माझ्याकडं बघतच राहिले. मग छताकडं, भिंतींकडं हात फिरवून म्हणाले, “यही, जो सांस में जाती है. और कौन सी?” सासूबाई शेजारी उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ भरलाय, निमोनिया आहे, आत्ता काही सांगता येत नाही. मूल गुंडाळून ठेवा, पण खोली उघडी ठेवा. धुराचा एक कणसुद्धा नको.

त्यानंतरचे दिवस आम्ही पुढच्या खोलीत काढले, खिडकी उघडी टाकून. स्वयंपाकाची सिगडी जिन्याच्या चौकोनात गेली. पोरीला कधी मी मांडीवर घेऊन बसायची, कधी सासूबाई. आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. बोलायचं तर पुष्कळ होतं, पण पोरीचा श्वास ऐकायचा असायचा. तो जरा अडखळला की दोघी एकदम वाकायचो. इंजेक्शन द्यायला कंपाउंडर घरी यायचा. हे सुट्टी घेऊन आले, सगळं कळल्यावर खिडकीशी उभे राहिले आणि कुणाच्याच नजरेला नजर देईनात. मी त्यांना काही बोलले नाही. बोलायला उरलेला राग मी पुढं अनेक वर्षं थोडा थोडा वापरला.

पोर हळूहळू प्यायला लागली. खळगा भरला. एक दिवस डॉक्टर स्वतः घरी बघायला आले. छातीला नळी लावली आणि म्हणाले, साफ आहे. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि पहिल्यांदा रडले.

जाता जाता त्यांनी मागची खोली बघायला मागितली. दारातून आत पाऊल टाकलं आणि त्यांनाच खोकला आला, सिगडी कितीतरी दिवस तिथं नसतानासुद्धा. छत काळंभोर होतं. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाला आलेली काजळी आम्हाला दाखवली आणि म्हणाले, हेच तिच्या छातीत जात होतं. मग हात वर करून झरोक्यातली गोधडी ओढली. ती निघाली तसा उजेडाचा एक तिरपा पट्टा आत आला आणि त्यात धूळ आणि राख फिरताना दिसायला लागली.

सासूबाई त्या पट्ट्याकडं बघत होत्या. डॉक्टर निघाले तेव्हा त्यांनी त्यांना थांबवलं. आयुष्यभर त्याच हिंदीत भाजी घेतलेली, भांडलेली बाई ती, पण शब्द सापडत नसल्यासारख्या बोलत होत्या. त्यांनी सांगितलं की त्यांचा पहिला मुलगा होता. झरोका उघडा राहिला होता आणि त्याला खोकला झाला. मग त्यांनी झरोका बंद केला. हीच गोधडी लावली होती, दुसरी नव्हती. सिगडी त्याच्या खाटेखाली आणून ठेवली होती. धुरी रोज देत होत्या, कधी चुकवली नाही. एवढं सांगून त्या थांबल्या आणि मग विचारलं, “तब भी यही हवा थी क्या, डॉक्टर साहब?”

डॉक्टर वाक्यं तोडणारे. पण त्या दिवशी ते बराच वेळ हातातली बॅग चाचपत उभे राहिले. मग खाली बघून, अगदी हळू म्हणाले, “हो सकता है, मांजी.”

ते जिना उतरून गेले. त्यांचे बूट वाजायचे थांबले तरी सासूबाई तिथंच उभ्या होत्या, हातात ती गोधडी. काजळीनं तिचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. मग त्या माझ्याकडं वळल्या. त्यांचं ते खालीवालीचं हसणं, ती कीव, काही काही चेहऱ्यावर नव्हतं.

“काय बोलले गं ते?” त्यांनी विचारलं. “तू ऐकलंस ना? काय बोलले?”

पोर माझ्या कडेवर होती. तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता, एकसारखा.

मी म्हटलं, “मला कुठं कळते हिंदी, आई.”